आवाजाला जागा देणारा इंजिनिअर

रात्री अकरानंतर आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारा. प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी कानाला हेडफोन लावून बसलेला दिसेल. कुणी गाणी ऐकतोय, कुणी मॅच बघतोय, कुणी (सबमिशनच्या आदल्या रात्री) लेक्चरचा व्हिडिओ बघतोय. स्पीकर लावायची सोय नाही, कारण रूम पार्टनर झोपलेला असतो आणि रेक्टर सर जागे असतात!

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? तेच गाणं घरी दोन स्पीकरवर ऐकलं की गायक समोर उभा आहे असं वाटतं. त्याच्या एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला गिटार, मागे कोरस. हेडफोनवर मात्र तोच गायक थेट आपल्या डोक्याच्या आत येऊन बसतो. तबला एका कानाला चिकटतो, गिटार दुसऱ्या कानाला, आणि मधली जागा गायब. महागडा हेडफोन घेतला तर आवाज स्वच्छ होतो, पण डोक्यातून बाहेर पडायला तयार नसतो.

असं का होतं, हे शोधायला गेलं की एका माणसापाशी येऊन थांबावं लागतं. अॅलन डॉवर ब्लूमलाइन. ध्वनीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे नाव जगभर पाठ असतं, कारण आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो ते मुळात याच्या डोक्यातून निघालं. आपल्या सिलॅबसमध्ये मात्र तो नावाने कुठेच भेटत नाही. त्याची सर्किट्स भेटतात, तीही ओरलच्या आदल्या रात्री. म्हणून हा लेख.

ब्लूमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मनीचे, पुढे ब्रिटिश नागरिक झालेले. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. घरची परिस्थिती चांगली होती. पण मुलाचं लक्ष पुस्तकांपेक्षा वायरींकडे जास्त. त्याच्या लहानपणची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दाराची बेल दुरुस्त केली आणि मग वडिलांच्या हातात चक्क बिल ठेवलं! खाली सही केली होती, अॅलन ब्लूमलाइन, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आपल्याला ही पदवी मिळायला चार वर्षं आणि आठ सेमिस्टर लागतात. त्याने ती सातव्या वर्षी स्वतःच घेऊन टाकली होती.

गंमत म्हणजे हाच मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत नीट वाचू शकत नव्हता, असं त्याची बहीण सांगत असे. गणित मात्र त्याला तेव्हाच येत होतं. आज एखाद्या शाळेने अशा मुलाला मागच्या बाकावर बसवून दिलं असतं. त्याचं नशीब असं की कुणी त्याचा नाद सोडवला नाही. हायगेट स्कूलमधून तो स्कॉलरशिप घेऊन सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि १९२३ साली फर्स्ट क्लास ऑनर्समध्ये पास झाला. तेव्हा तो बरोबर आपल्या वयाचा होता, वीस.

१९२४ साली त्याला पहिली नोकरी लागली ती इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनच्या कंपनीत. तिथे त्याने दोन कामं केली. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे.

पहिलं काम माणसाच्या कानाचं. कोणत्या फ्रिक्वेन्सीला आपला कान किती संवेदनशील असतो हे त्याने मोजलं, आणि त्या मोजमापांवरून आवाज मोजण्याच्या उपकरणांसाठी फिल्टर सर्किट्स तयार केली. म्हणजे मीटरने नुसते व्होल्ट दाखवायचे नाहीत, कानाला जेवढं ऐकू येतं तेवढं दाखवायचं.

दुसरं काम क्रॉस कनेक्शनचं. लँडलाइनच्या काळात आपल्या घरातल्या मोठ्या माणसांनी हे अनुभवलेलं असतं. आपण मावशीशी बोलत असतो आणि मध्येच दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाची बोलणी ऐकू येतात. याला इंजिनिअरिंगच्या भाषेत क्रॉसटॉक म्हणतात. एका वायरीतला सिग्नल शेजारच्या वायरीत झिरपतो. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनींवर ठराविक अंतराने कॉइल बसवत असत, त्यांना लोडिंग कॉइल म्हणत. ब्लूमलाइनने एका सहकाऱ्याबरोबर सुधारलेली लोडिंग कॉइल तयार केली. तिने सिग्नलची घट कमी झाली आणि क्रॉसटॉकही कमी झाला. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. आणि हेडफोनचं दुखणं नेमकं याच्या उलट आहे! ते पुढे येईलच.

१९२९ साली तो नोकरी सोडून कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेला. तिथला मोठा साहेब आयझॅक शोनबर्ग, रशियन साम्राज्यात जन्मलेला, माणसं पारखणारा. कोलंबियापुढे त्या वेळी एक मोठा पेच होता. रेकॉर्डवर खाच कोरणारं जे इलेक्ट्रिकल यंत्र ते वापरत, त्याचं पेटंट अमेरिकनांकडे होतं आणि त्यापोटी भरपूर रॉयल्टी मोजावी लागत होती. शोनबर्गने ब्लूमलाइनला सांगितलं की या पेटंटला हात न लावता दुसरं यंत्र बनव. ब्लूमलाइनने आणि त्याच्या छोट्या टीमने हलत्या कॉइलचं नवं कटिंग हेड बनवलं. ते पेटंटच्या बाहेर तर होतंच, शिवाय आवाजही जास्त चांगला देत होतं. रॉयल्टी वाचली.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रॅमोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय तयार झाली. ग्रॅमोफोन कंपनी म्हणजे आपल्याकडे एचएमव्ही म्हणून घराघरात पोचलेली, भोंग्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याची कंपनी. ते चित्र एकदा इंजिनिअरच्या नजरेने बघा. कुत्र्याला कान दोन आहेत, पण भोंगा एकच! त्या काळच्या सगळ्या रेकॉर्डिंगची हीच अवस्था होती. अख्खा ऑर्केस्ट्रा एका भोकातून बाहेर यायचा.

हे ब्लूमलाइनला खटकलं ते एका सिनेमा थिएटरात, असं सांगतात. बोलपट नुकतेच आले होते. १९३१ च्या सुरुवातीला तो डोरीन लेन या आपल्या मैत्रिणीला (१९३३ मध्ये त्यांचं लग्न झालं) घेऊन सिनेमाला गेला. पडद्यावर नट या टोकाकडून त्या टोकाला चालत होता, पण त्याचा आवाज होता तिथेच बसून होता. बाकीचं पब्लिक कथेत रमलं असेल. ब्लूमलाइनने मात्र डोरीनला सांगून टाकलं की आवाजाला माणसाच्या मागे चालायला लावायची युक्ती आपल्याला सापडली आहे. मैत्रिणीला सिनेमाला नेऊन सर्किटबद्दल बोलणारा माणूस! आपल्या ब्रँचमध्येही असे नमुने आहेत, पण त्यांना अजून मैत्रीण मिळालेली नाही.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटचा अर्ज केला. १९३३ मध्ये ते मंजूर झालं. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५, त्यात तब्बल ७० दावे. स्टिरिओ हा शब्द तो वापरत नसे, तो त्याला बायनॉरल म्हणायचा, म्हणजे दोन कानांचं.

आता जरा टेक्निकल बोलू, कारण खरी मजा इथेच आहे. घाबरू नका, इंटिग्रेशन नाही!

मेसमध्ये मागच्या टेबलावर कुणाचं ताट पडलं तर न बघता आपली मान बरोबर त्या दिशेला वळते. कशी? आपल्या दोन कानांत साधारण १७-१८ सेंटिमीटर अंतर आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्या कानाला थोडा नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. खालच्या फ्रिक्वेन्सींना मेंदू मुख्यतः या वेळेच्या फरकावर चालतो. ३०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी मीटरभराहून जास्त असते. अशी लहर डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे जाते, त्यामुळे दोन्ही कानांना आवाज जवळजवळ सारखाच मोठा येतो. ५००० हर्ट्झची लहर मात्र सुमारे ७ सेंटिमीटरची. तिला डोकं आडवं येतं आणि पलीकडचा कान सावलीत जातो. म्हणून वरच्या फ्रिक्वेन्सींना आवाजाच्या कमीजास्तपणावरून दिशा कळते.

दोन कानांना दोन वेगळे आवाज द्यायचे ही कल्पना ब्लूमलाइनच्याही आधीची. १८८१ साली पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर या फ्रेंच इंजिनिअरने ऑपेराचा आवाज टेलिफोनवरून ऐकवला होता. प्रत्येक श्रोत्याला दोन रिसीव्हर, एकेका कानाला एकेक. लोकांना गायक रंगमंचावर इकडून तिकडे जाताना जाणवले. पण हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना कानाला रिसीव्हर कसे लावणार? ब्लूमलाइनला हे स्पीकरवर हवं होतं.

इथे अडचण येते. कानांएवढ्या अंतरावर दोन माईक ठेवून रेकॉर्ड केलं आणि दोन स्पीकरवर वाजवलं, तर डावा स्पीकर फक्त डाव्या कानाला ऐकू येत नाही. तो दोन्ही कानांना ऐकू येतो. उजवाही तसाच. माईकने टिपलेला वेळेचा बारीक फरक हवेतच मिसळून जातो. टेलिफोनच्या लाइनींसारखंच क्रॉस कनेक्शन, पण हे थांबवायला मध्ये कॉइल कुठे बसवणार? मध्ये तर नुसती हवा आहे.

ब्लूमलाइनने हे क्रॉस कनेक्शन थांबवलं नाही. त्याने तेच कामाला लावलं! समजा दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, एकाच क्षणी निघतोय, फक्त डावा जरा मोठा आहे. डाव्या कानाला डाव्या स्पीकरचा मोठा आवाज आधी मिळतो आणि उजव्याचा लहान आवाज पाव मिलिसेकंदाने मागून येतो. दोन्हींची बेरीज झाली की मोठा जो आधी आला, त्याच्याकडे ती झुकते. उजव्या कानाला उलटं होतं. तिथे लहान आवाज आधी येतो आणि मोठा मागून, म्हणून बेरीज उशिराकडे झुकते. म्हणजे डावा कान पुढे, उजवा कान मागे. खऱ्या डावीकडच्या आवाजाने जो वेळेचा फरक पडला असता, तोच इथे तयार झाला. स्पीकरमध्ये फरक दिला होता फक्त आवाजाच्या लहानमोठेपणाचा, कानापाशी तो वेळेचा फरक झाला. हे काम हवेने आणि आपल्या डोक्याने मिळून केलं.

मग बाकीचं इंजिनिअरिंग त्याने यावरून रचलं. आठच्या आकड्यासारखा पॅटर्न असलेले दोन माईक, एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात. त्यामुळे वेळेचा फरक टिपलाच जात नाही, फक्त लहानमोठेपणा टिपला जातो. या जोडीला आजही स्टुडिओत ब्लूमलाइन पेअर म्हणतात. ज्यांच्याकडे जवळ जवळ ठेवलेले साधे माईक असतील त्यांच्यासाठी त्याने एक सर्किट दिलं. ते दोन सिग्नलची बेरीज आणि वजाबाकी करून वेळेचा फरक लहानमोठेपणात बदलतं. आणि रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन चॅनेल कसे बसवायचे? खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात, एका भिंतीवर डावा चॅनेल, दुसरीवर उजवा. सुई एकच. हे सगळं एकाच पेटंटमध्ये! पुढे १९६१ पासून एफएम रेडिओवर स्टिरिओ सुरू झालं तेही याच बेरीज-वजाबाकीच्या तत्त्वावर.

ब्लूमलाइनने नुसतं कागदावर ठेवलं नाही. हेझ इथल्या ईएमआयच्या इमारतीत सहकाऱ्यांना चालत-बोलत ठेवून त्याने रेकॉर्डिंग केलं. जानेवारी १९३४ मध्ये अॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टच्या ज्युपिटर सिम्फनीचं संचलन करत होते, ते त्याने दोन चॅनेलमध्ये टिपलं. १९३५ मध्ये हेझ स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्यांची स्टिरिओ आवाजासह फिल्म केली. त्यात गाडी जिकडे जाते तिकडे तिचा आवाजही जातो. थिएटरात डोरीनला दिलेला शब्द त्याने चार वर्षांत खरा केला.

आणि मग हे काम बासनात गेलं. कंपनीला तेव्हा त्यात धंदा दिसत नव्हता. धंदा होता टेलिव्हिजनचा. शोनबर्गने आपले चांगले लोक तिकडे वळवले आणि ब्लूमलाइनने कुरकुर न करता तिथेही तेवढंच काम केलं. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टेलिव्हिजन सुरू केलं. सुरुवातीला एक आठवडा बेअर्डची पद्धत आणि एक आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत, अशी आलटून पालटून स्पर्धा होती. १९३७ मध्ये बेअर्ड बाद झाला. ही ४०५ रेषांची पद्धत, युद्धाची वर्षं सोडली तर, ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालली.

याच काळात १९३६ साली त्याने एक सर्किट पेटंट केलं. त्याला लाँग-टेल्ड पेअर म्हणतात. दोन व्हॉल्व्ह, दोघांचा मिळून खाली एक मोठा रेझिस्टर. दोन्ही इनपुटमध्ये जे समान ते दाबलं जातं, जो फरक तो मोठा होतो. ओळखीचं वाटतंय? व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर टाका. आपला डिफरन्शिअल अॅम्प्लिफायर! कॉमन मोड रिजेक्शन रेशोचा रट्टा मारताना आपण ज्याला मनातल्या मनात शिव्या देतो तो गृहस्थ हाच. आपल्या लॅबमधल्या ऑप-अॅम्पच्या आत पहिल्याच स्टेजला ही जोडी बसलेली असते. साधारण पंधरा वर्षांत त्याच्या नावावर १२८ पेटंट झाली. हिशेब केला तर दर सहा आठवड्यांना एक. आपली एक असाइनमेंट पूर्ण व्हायला तेवढाच वेळ लागतो.

मग दुसरं महायुद्ध आलं. सुरुवातीला त्याचं दोन कानांचं ज्ञान शत्रूच्या विमानाच्या आवाजावरून दिशा शोधणाऱ्या यंत्रांना उपयोगी पडलं. पुढे तो रडारमध्ये गेला. एच-टू-एस नावाचं एक रडार तयार होत होतं. ते विमानाच्या पोटाखाली बसवायचं आणि रात्रीच्या अंधारात, ढगांवरूनही, खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर बघायचा. आवाजाला जागा देणारा माणूस आता बॉम्बला जागा दाखवणारं यंत्र बनवत होता. हे रडार पुढे जानेवारी १९४३ च्या शेवटी हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात पहिल्यांदा वापरलं गेलं. त्या शहरात राहणारी माणसंही होतीच. ब्लूमलाइनला याबद्दल काय वाटत असेल याचा विचार मनात येतो, पण तोपर्यंत तो जगातच नव्हता.

७ जून १९४२, रविवार. हॅलिफॅक्स जातीच्या बॉम्बर विमानात एच-टू-एसचा नमुना बसवून चाचणीसाठी उड्डाण झालं. ब्लूमलाइन आणि ईएमआयमधले त्याचे दोन सहकारी, ब्राउन आणि ब्लायदन, यंत्र बघण्यासाठी त्यात होते. दुपारी उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनला आग लागली. ती विझली नाही. वेल्सच्या सीमेजवळ वेल्श बिकनॉर इथे विमान कोसळलं. अकरा जण होते, अकराही गेले. ब्लूमलाइन अडतीस वर्षांचा होता. तीन आठवड्यांनी त्याचा एकोणचाळिसावा वाढदिवस होता. घरी डोरीन आणि दोन लहान मुलगे.

चौकशी झाली तेव्हा कारण कळलं ते वाचून पोटात कसंतरी होतं. इंजिनच्या तपासणीनंतर व्हॉल्व्हच्या टॅपेटचं एक नट पूर्ण आवळलं गेलं नव्हतं. ते उड्डाणात सैल होत गेलं, व्हॉल्व्हचा दांडा तुटला आणि इंधन नको तिथे पेटलं. आपल्या वर्कशॉपमध्ये सर प्रत्येक जॉबवर तेच तेच तपासायला लावतात तेव्हा आपल्याला कंटाळा येतो. ज्याच्या नावावर १२८ पेटंट होती तो माणूस एका नटामुळे गेला, आणि त्याच्यासोबत दहा जण, हे एकदा वाचल्यावर तो कंटाळा येऊ नये.

हे सगळं अतिशय गुप्त होतं. अपघाताच्याच रात्री बर्नार्ड लव्हेल (ज्याने पुढे जोड्रेल बँकची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली) अवशेषांतून गुप्त यंत्राचे तुकडे गोळा करायला तिथे पोचला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून अपघाताची बातमी त्या वेळी जाहीर केली नाही. इंग्लंडमधला एक पहिल्या प्रतीचा इंजिनिअर गेला, आणि देशाला कळलंही नाही.

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात सर्रास यायला १९५८ उजाडलं. अमेरिकेतही बेल लॅबोरेटरीजमध्ये आर्थर केलर वगैरे लोकांनी स्वतंत्रपणे हेच शोधलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण खाचेच्या दोन भिंती, काटकोन, सगळं ब्लूमलाइनच्या १९३१ च्या कागदात आधीच होतं. पुढे लंडनच्या ईलिंग भागातल्या त्याच्या घरावर १९७७ मध्ये निळी पाटी लागली, २०१५ मध्ये आयईईईने अॅबी रोड स्टुडिओत फलक लावला आणि २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

आता हेडफोनकडे येऊ. १९५८ मध्येच अमेरिकेत जॉन कॉसने स्टिरिओ हेडफोन विकायला काढले. म्हणजे स्पीकरसाठी बनवलेली रेकॉर्डिंग लोक कानाला लावून ऐकू लागले. आणि इथेच ब्लूमलाइनचा सगळा हिशेब चुकतो. त्याने गृहीत धरलं होतं की डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येणार. हेडफोनमध्ये डावा फक्त डाव्याला, उजवा फक्त उजव्याला. मध्ये हवा नाही, वळसा नाही, पाव मिलिसेकंदाचा उशीर नाही. त्यामुळे लहानमोठेपणाचं वेळेत रूपांतरच होत नाही. मेंदूला सांगितलं जातं की जाडा, खालचा आवाज एका कानाला आहे आणि दुसऱ्याला जवळजवळ नाही. निसर्गात असं फक्त कानाला अगदी चिकटलेल्या वस्तूचं होतं, उदाहरणार्थ डास! मग मेंदू तो आवाज कानाला चिकटवतो, आणि दोन्हीकडे सारखा आला तर डोक्याच्या आत ठेवतो. मेंदूचं काही चुकत नाही.

ज्या क्रॉसटॉकला टेलिफोनमधून हाकलण्यात ब्लूमलाइनची पहिली वर्षं गेली, तोच हेडफोनला पाहिजे आहे. १९६१ साली बेंजामिन बाउअर या अमेरिकन इंजिनिअरने नेमकं हेच मांडलं. डाव्या चॅनेलचा थोडासा भाग उजव्या कानाला द्या, पण पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिरा आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कमी करून, कारण डोक्याची सावली त्याच कमी करते. उजव्याचंही तसंच. याला क्रॉसफीड म्हणतात. रेझिस्टर, कपॅसिटर आणि ऑप-अॅम्प वापरून ते ब्रेडबोर्डवर होऊ शकतं. मिनी प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी विचार करावा. कॉम्प्युटरवरच्या अनेक प्लेअरमध्ये ते तयारही मिळतं.

चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. क्रॉसफीडने कानाला चिकटलेला तबला सुटतो, मधली पोकळी भरते, कान कमी दमतात. गायक पूर्णपणे समोर जाऊन उभा राहत नाही. त्यासाठी अजून तीन गोष्टी लागतात. एक, आपल्या बाहेरच्या कानाचे चढउतार, जे प्रत्येकाचे वेगळे असतात आणि समोरचा, मागचा, वरचा आवाज वेगळा ओळखायला मदत करतात. दोन, खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज, ज्यावरून अंतर कळतं. तीन, मान. स्पीकर ऐकताना मान वळवली तर स्पीकर जागेवरच राहतो. हेडफोनमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा आपल्याबरोबर फिरतो! आजचे काही इअरबड मानेची हालचाल मोजून ही तिसरी अडचण सोडवू बघतात. मागून उघडे असलेले हेडफोन थोडे मोकळे वाटतात, पण ते हॉस्टेलवर वापरलेत तर रूम पार्टनरलाही सगळं ऐकू येईल. आणि जी रेकॉर्डिंग मुळातच कृत्रिम डोक्याच्या कानांत माईक बसवून केलेली असतात ती हेडफोनसाठीच असतात. त्यांना क्रॉसफीड लावू नका, बिघडतील.

ब्लूमलाइनच्या गोष्टीतून मला एक गोष्ट पटली. त्याने सुरुवात यंत्रापासून केली नाही, कानापासून केली. पहिल्या नोकरीत तो माणसांचे कान मोजत होता, म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला कळलं की दोन स्पीकर आणि दोन कान यांच्यामध्ये काय घडतं. आपण हेडफोन घेताना डब्यावरचे आकडे वाचतो, ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, फ्रिक्वेन्सी कुठपर्यंत. ऐकणारा माणूस त्या डब्यावर कुठेच नसतो. प्रोजेक्ट करतानाही आपलं असंच होतं. सर्किट चालतं, पण वापरणाऱ्याला त्याचं काय, हा प्रश्न एक्स्टर्नल विचारेपर्यंत आपल्याला पडत नाही.

तेव्हा आज एक करून बघा. कॉलेजच्या गॅदरिंगला नाहीतर गावच्या भजनाला बसाल तेव्हा डोळे मिटा. पेटी कुठे, टाळ कुठे, मागे कुजबुजणारे दोघे कुठे, सगळं न बघता सांगता येईल. हे आपल्याला रोज फुकट मिळतं. अॅलन ब्लूमलाइनने ते यंत्रातून परत मिळवून दाखवलं, आणि स्वतःच्या घरी एकही स्टिरिओ रेकॉर्ड विकत आणून ऐकण्याआधी तो गेला. हेडफोनसाठी राहिलेलं काम आपल्यापैकी कुणीतरी करावं.